गरोदरपणात धुरापासून सांभाळ: आधी विझवा, मग बाहेर काढा, शेवटी गाळा

नात्यातल्या एका मुलीला दिवाळीच्या सुमारास सातवा महिना होता. नवऱ्याने हप्त्यावर एअर प्युरिफायर आणला आणि बेडरूमच्या कोपऱ्यात लावला. त्यावरचा दिवा रात्रभर लाल. यंत्र बिघडलंय असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत होतं, परत करायचीही तयारी झाली होती. मी भेटायला गेले आणि वाकून पलंगाखाली पाहिलं, तर तिथे डासांची कॉइल जळत होती. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ते बिचारं रात्रभर कॉइलचा धूर गाळत बसलं होतं.

हे एकाच घरात घडत नाही. माणसं खर्च करतात, काळजी घेतात, पण क्रम उलटा लावतात. गाळायचं यंत्र आधी येतं आणि धूर विझवायचं राहून जातं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि तो क्रमानेच वाचावा. पहिल्या चार पायऱ्यांना बहुतेक घरांत फारसा खर्च नाही. पाचवी फुकट आहे. पैसे लागतात ते त्यानंतर.

## कामापुरतं कारण

हवेतले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम २.५, नाकातल्या केसांत किंवा घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे सूज येते आणि तिचे परिणाम रक्तातून सगळीकडे पोचतात. वारेकडे, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाकडे, जाणारा रक्तपुरवठाही त्यातून सुटत नाही. काही कण तर थेट वारेतच सापडले आहेत. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१९ साली वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण असल्याचं दाखवलं. दिवस भरायच्या आधी, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी प्रसूती होणं आणि बाळाचं वजन अडीच किलोपेक्षा कमी भरणं, या दोन्हींची शक्यता प्रदूषित हवेत वाढते, असं अनेक देशांतले अभ्यास सांगतात. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली.

पण लवकर प्रसूतीची कारणं अनेक असतात: जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळं, रक्ताची कमतरता, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं. हवा त्यांपैकी एक. त्यामुळे सगळं नीट पाळूनही बाळ लवकर आलं, तर "तूच त्या दिवशी बाहेर गेली होतीस" असं त्या बाईला कुणी ऐकवू नये. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते ऐकवलं जातं.

## पायरी १: एक दिवस फक्त यादी करा

काही बदलायच्या आधी घरात एका दिवसात कुठे, कधी आणि किती वेळ काहीतरी जळतं, ते कागदावर लिहा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. कामावर जाणाऱ्या बाईने प्रवासाची वेळही लिहावी.

यादीत साधारण हे निघतं: देवापुढची उदबत्ती आणि धूप, संध्याकाळचा ऊद, अंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा चूल, फोडण्या आणि तळण, गच्चीत किंवा जिन्यात ओढली जाणारी सिगारेट-बिडी, डासांची कॉइल, सोसायटीच्या कोपऱ्यात पेटवलेला पाल्याचा ढीग, शेजारच्या बांधकामाची धूळ. ग्रामीण भागात तव्यावर भाजली जाणारी मिशरी. ऊसपट्ट्यात पेटवलेलं पाचट.

प्रत्येक गोष्टीपुढे दोन खुणा करा. ती आपल्या हातात आहे की नाही, आणि त्या वेळी गरोदर बाई त्याच खोलीत असते की नाही. ज्या ओळीपुढे दोन्ही "हो" येतील, तिथून कामाला लागायचं.

तपासा: यादीत पाचपेक्षा कमी गोष्टी असतील तर ती घाईत झाली आहे. घरातल्या मोठ्या बाईला विचारा. बंब आणि धूप हमखास तिच्याच तोंडून निघतात, कारण ते काम तीच करते आणि बाकीच्यांना ते दिसत नाही.

## पायरी २: विझवता येईल ते विझवा

कॉइल. पहिला नंबर तिचाच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत सोडते असं मोजलं गेलं. ती आपण पलंगाशेजारी, बंद खोलीत, आठ तास लावतो.

पण कॉइल बंद केली म्हणजे डास मोकळे सोडायचे असं नाही. गरोदरपणात मलेरिया आणि डेंग्यू फार महागात पडतात, आणि मलेरियानेही बाळ लवकर येऊ शकतं. म्हणून आधी मच्छरदाणी बांधायची, मग कॉइल फेकायची. खिडक्यांना जाळी बसवा. कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि गच्चीतलं पाणी आठवड्यातून एकदा कोरडं करा. द्रवाचं मशीन लावायचंच असेल तर झोपायच्या आधी तासभर लावून बंद करा आणि खोलीत थोडी हवा खेळू द्या. पालिकेची धूरफवारणी येणार असेल त्या वेळी गरोदर बाईने दुसरीकडे जावं.

उदबत्ती, धूप, ऊद. इथे भांडण होतं. "देवाचंसुद्धा बंद करायचं का?" देवाचं बंद करायचं नाही, धुराची जागा बदलायची. देवघरात निरांजन आणि फुलं. उदबत्ती तुळशीपाशी, गॅलरीत किंवा अंगणात. आरतीचा कापूर क्षणभराचा असतो, त्या वेळी गरोदर बाईने दारात उभं राहावं. घरात ऊद फिरवायची सवय असेल, तर गरोदर बाई बाहेर असताना फिरवा आणि नंतर खिडक्या उघड्या ठेवा. माझा अनुभव असा की सासूबाईंना "धूप वाईट" म्हटलं की त्या ऐकत नाहीत. "बाळाला त्रास होतो" म्हटलं की दुसऱ्या दिवशी स्वतःच उदबत्तीचं घर उचलून गॅलरीत ठेवतात.

सिगारेट आणि बिडी. "मी बाहेर जाऊन ओढतो" हे अर्धंच उत्तर झालं. दाराच्या चौकटीत उभं राहून ओढलेला धूर आतच येतो. घरापासून लांब ओढायची, हात-तोंड धुवायचं आणि शर्ट बदलायचा. गाडीत तर मुळीच नाही. नऊ महिन्यांत सुटलीच तर उत्तम.

मिशरी. ही दुहेरी घातक. भाजताना तंबाखूचा धूर, आणि लावल्यावर निकोटीन रक्तात. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या एका अभ्यासात (२००४) मिशरी आणि इतर बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आणि सुमारे ६ दिवस आधी जन्मलेली आढळली. "ओढत थोडीच आहे, दाताला लावते" हा युक्तिवाद इथे संपतो. एकदम सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं. त्यासाठी डॉक्टरांशी किंवा आशाताईंशी बोला, लपवू नका.

केर. कोरड्या केरसुणीने झाडलं की बसलेली धूळ पुन्हा हवेत येते. आधी ओलं फडकं, मग झाडू. जाळी-जळमटं काढायची असतील त्या दिवशी तिला त्या खोलीतून बाहेर ठेवा.

रंगकाम. बाळ येणार म्हणून आठव्या महिन्यात खोली रंगवायला काढतात. जुन्या भिंती आणि दारं-खिडक्या घासताना जुन्या रंगातलं शिसं धुळीत येऊ शकतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या अखेरीस लागू झाली, म्हणजे त्याआधी लागलेल्या रंगाची खात्री नाही. ओला रंग आणि थिनरची वाफ वेगळीच. रंग बारशानंतरही लावता येतो.

सावधान: इथपर्यंतचं झाल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांवर एक रुपयाही खर्च करू नका.

## पायरी ३: स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढा

फोडणी आणि तळण बंद करता येत नाही, त्यामुळे तो धूर घराबाहेर घालवायचा. इथे बहुतेक जणांची गल्लत एकाच गोष्टीत होते. पंखा हवा बाहेर फेकतो हे ठाऊक असतं, पण तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते हे विसरलं जातं. स्वयंपाकघर चारी बाजूंनी बंद करून एक्झॉस्ट लावला तर तो नुसता घरघरतो.

क्रम असा:

१. गॅस पेटवायच्या आधी दोन मिनिटं एक्झॉस्ट किंवा चिमणी सुरू करा.
२. बेडरूमकडे जाणारं दार लावा.
३. एक्झॉस्टच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा.
४. तेल धुरावेपर्यंत तापवू नका. मोहरी तडतडली की जिन्नस घाला.
५. गॅस बंद केल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं पंखा चालू ठेवा. धूर आच बंद केली म्हणून लगेच जात नाही.

चिमणी घेणार असाल तर पाइप बाहेर सोडलेलीच घ्या. गाळून हवा पुन्हा स्वयंपाकघरात सोडणारी चिमणी तेलकटपणा अडवते, बारीक धुराला फारशी उपयोगी नाही. जाळी महिन्याला धुतली नाही तर पाइपवालीचाही उपयोग उरत नाही.

तपासा: लाल मिरचीची फोडणी द्या. बेडरूममध्ये बसलेल्या माणसाला ठसका लागला, तर धूरही तिथपर्यंत पोचतोय. तो लागेनासा होईपर्यंत दार-खिडक्यांची जुळवाजुळव बदलत राहा. याहून स्वस्त उपकरण बाजारात नाही.

### जिथे अजून चूल आहे

गॅस आला तरी चूल जात नाही. स्वयंपाक गॅसवर आणि अंघोळीचं पाणी बंबावर, भाकरी चुलीवर, कारण सिलिंडर महिनाभर पुरवायचा असतो. गरोदर बाईच्या बाबतीत या वाटणीचा क्रम उलटा करा: ती जे काम करते ते आधी गॅसवर आणा. चुलीसमोर वाकून फुंकणी मारणं हे सगळ्यात वाईट, कारण तोंड धुराच्या अगदी वर असतं.

बंब घराबाहेर काढा, आणि त्यात नारळाच्या शेंड्या, पुठ्ठे, रबर, प्लॅस्टिकच्या पिशव्या घालणं आजपासून बंद. सरपण वाळलेलंच वापरा, ओलं लाकूड दुप्पट धुमसतं. चूल पेटवण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. एकदा पेटून आच धरली की धूर कमी होतो, तेव्हा तिने जावं.

ऊसतोडीला गेलेल्या बाईला "घरात थांबा" हा सल्ला कुचकामी आहे. तिने निदान पाचट पेटवतात त्या वेळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहावं, चूल खोपीच्या आत न मांडता उघड्यावर मांडावी, आणि निघतानाच माता व बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावं म्हणजे फडाजवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी खंडित होत नाही.

आता एक खरं सांगते. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना चुलीऐवजी गॅस दिला. बारीक कणांचा संपर्क दर घनमीटर सुमारे ७० मायक्रोग्रॅमवरून २४ वर आला, पण बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. तेव्हा "गॅस घ्या, बाळ गुटगुटीत होईल" असं कुणी म्हणत असेल तर ते वाढवून सांगणं आहे. बायका चाचणीत आल्या तेव्हा त्यांना तिसरा ते पाचवा महिना होता, आणि २४ हा आकडाही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या वरच आहे. माझा निष्कर्ष एवढाच: धूर कमी करायचा तर दिवस जायच्या आधीपासून, आणि एकाच बाजूने नव्हे तर सगळीकडून.

## पायरी ४: न दिसणारा वायू

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर जीव जातो. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर, थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी आणि घरात चालवलेला जनरेटर यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास. तो आईच्या रक्तातून बाळाकडे जातो आणि बाळाच्या रक्तातून निघायला आईपेक्षा जास्त वेळ घेतो. आईला बरं वाटू लागलं तरी बाळ धोक्यात असू शकतं.

त्याची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणं. हीच तर गरोदरपणाचीही लक्षणं! म्हणून घरात कुणाला शंकाच येत नाही.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवून घ्या आणि आत फक्त नळ आणा. तोवर तिने बादलीत आधी पाणी भरावं, गिझर बंद करावा, मग दार लावावं. गॅसची ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर बर्नर साफ करून घ्या.

सावधान: अंघोळीनंतर किंवा शेगडीच्या खोलीत डोकं दुखून चक्कर आली तर ताबडतोब उघड्यावर आणा आणि दवाखान्यात न्या, बरं वाटत असलं तरी. डॉक्टरांना गिझर किंवा शेगडीचं आवर्जून सांगा.

## पायरी ५: हवेचा आकडा वाचायला शिका

बाहेरच्या हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" हे ॲप आहे. पुणे-मुंबईसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं "सफर" आहे. घराजवळचं आणि कामाच्या ठिकाणाजवळचं अशी दोन केंद्रं निवडून ठेवा. शहराचा सरासरी आकडा पाहू नका. एकाच मुंबईत शीवची हवा आणि कुलाब्याची हवा एक नसते.

इथे दोन घोटाळे होतात. पहिला: फोनमधली अनेक ॲप अमेरिकन मोजपट्टी दाखवतात. पीएम २.५ दर घनमीटर ६० मायक्रोग्रॅम असताना भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) १०० दाखवतो आणि "समाधानकारक" म्हणतो. तीच हवा अमेरिकन पट्टीवर १५० च्या वर जाते. मग नवरा एक ॲप पाहून घाबरतो, बायको दुसरं पाहून निश्चिंत होते. दोघांनी एकच ठरवा. शक्य असेल तर निर्देशांकाऐवजी पीएम २.५ चा आकडाच पाहा, तो दोन्हींकडे सारखा असतो.

दुसरा: "समाधानकारक" म्हणजे निर्धोक नव्हे. भारताची २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. गरोदर बाईने कडक मर्यादा डोळ्यांपुढे ठेवावी, पण ती रोज पाळता येणार नाही हे गृहीत धरून.

भारतीय निर्देशांकावर मी लावलेला नियम असा आहे. १०० पर्यंत नेहमीचा दिनक्रम, खिडक्या उघड्या. १०१ ते २०० मध्ये फिरणं चालू, पण मोठ्या रस्त्यापासून आत आणि योग्य वेळी. २०१ ते ३०० ला बाहेरचं फिरणं बंद, घरातल्या घरात चाला, बाहेर जायचंच तर मास्क. ३०० च्या वर गेलं तर बाहेरची ऐच्छिक कामं पुढे ढकला. दवाखान्याची तपासणी मात्र कुठल्याही आकड्याला टाळायची नाही.

## पायरी ६: फिरायची आणि खिडकीची वेळ

"पहाटेची हवा शुद्ध" हे हिवाळ्यात शहरात खोटं ठरतं. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. गाड्यांचा, शेकोट्यांचा, कचऱ्याचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन चढलं की झाकण उघडतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत साडेसहाच्या फेरीऐवजी अकरानंतर किंवा दुपारी चालावं. मुंबईत दुपारी खारा वारा सुटला की हवा बरीच सुधारते. खिडक्याही त्याच वेळी उघडा, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत लावा.

हा नियम उन्हाळ्यात मात्र उलटा. एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरला दुपारी बाहेर पडायचं नाही: ऊन स्वतःच लवकर कळा आणू शकतं, शिवाय दुपारी ओझोन हा फुप्फुसाला त्रास देणारा वायू वाढतो. तेव्हा सकाळच बरी.

दिवसभर खिडक्या गच्च लावून बसणं ही दुसऱ्या टोकाची चूक. घरात फोडणी, उदबत्ती आणि माणसांचे श्वास कोंडतात, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट होते.

शेजारी बांधकाम असेल तर तक्रार करा. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या नियमांत ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फूट उंच पत्रे, बांधकामाला कापडाचं आच्छादन आणि पाण्याची फवारणी बंधनकारक केली आहे. तक्रारीत "धूळ येते" एवढंच लिहू नका. पत्रे नाहीत, फवारणी नाही असं नेमकं लिहा, फोटो तारखेसह जोडा आणि वॉर्ड ऑफिसात पोच घ्या.

## पायरी ७: आता प्युरिफायर, हवा असेल तर

वरचं सगळं करूनही घर हमरस्त्यावर असेल, शेजारी बांधकाम असेल किंवा बाईला दमा असेल, तर यंत्राला अर्थ आहे. पूर्ण घरासाठी एक मोठं घेण्यापेक्षा झोपायच्या खोलीपुरतं एक घ्या. दिवसातले आठ-नऊ तास तिथेच जातात.

किती ताकदीचं घ्यायचं, त्याचा हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, फुटांत. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट. त्याला ३५ ने भागलं की सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा खोलीतली हवा गाळली जावी असं धरलं तर ३४ गुणिले ५, म्हणजे १७०. यंत्राच्या खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे यंत्र तासाला किती हवा साफ करतं तो. तो तासाला १७० घनमीटर किंवा जास्त हवा. दुकानदार "३०० चौरस फुटांसाठी" म्हणेल. त्याकडे लक्ष न देता हा आकडा मागा. तो सगळ्यात वेगवान पंख्यावर मोजलेला असतो, आणि त्या वेगाचा आवाज रात्री सहन होत नाही, म्हणून थोडं मोठं घ्यावं.

हेपा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारी दाट गाळणी हवी. आयोनायझर किंवा ओझोनचं बटण असेल तर ते कायम बंद; ओझोन फुप्फुसाला त्रासदायक. गाळणी बदलायचा खर्च आधीच विचारा. यंत्र भिंतीपासून हातभर दूर ठेवा, आणि चालू असताना खिडकी लावा.

घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो आणि बारीक कण जवळपास गाळत नाही. स्नेक प्लांटच्या कुंड्या दिसायला छान असतात, पण खोलीची हवा साफ करायला जंगलच आणावं लागेल. आणि गूळ खाल्ल्याने फुप्फुसातली धूळ निघत नाही. आवडतो म्हणून खा, साखर वाढलेली नसेल तर.

## पायरी ८: मास्क आणि प्रवास

ओढणी, रुमाल, कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क बारीक कणांना पुरत नाही, कारण कडेने हवा आत येते. एन ९५ किंवा एफएफपी २ लिहिलेला, डोक्यामागून दोन पट्टे असलेला मास्क घ्या. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा.

तपासा: दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा आला किंवा चष्म्यावर वाफ धरली तर मास्क नीट बसलेला नाही.

शेवटच्या महिन्यांत तसाही दम लागतो. मास्कने घुसमटलं, चक्कर आली तर काढा आणि बसा. तो लावून जिने चढू नका. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मास्क धुवायचा नाही. ओला, मळका किंवा सैल झाला की टाकायचा.

प्रवासात रिक्षा आणि दुचाकी सगळ्यात वाईट, कारण नाक थेट पुढच्या गाडीच्या धुराच्या रेषेत येतं. लोकल, मेट्रो बरी, गर्दीची वेळ टाळून. कारमध्ये सिग्नलला आतलीच हवा फिरवायचं बटण लावा आणि मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. ऑफिसात वेळ बदलून मागायची असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या, तोंडी विनंती विसरली जाते.

## पायरी ९: दवाखान्यात हे सांगा

बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरांना चूल, बंब, बिडी, मिशरी, कारखान्याशेजारचं घर याबद्दल सांगा. कुणी विचारत नाही म्हणून ते राहून जातं. लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या. रक्त कमी असताना शरीराला प्राणवायू पुरवणं आधीच जड जातं, त्यात धुराची भर नको. दमा असेल तर इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. "पोटातल्या बाळाला औषध जाईल" या भीतीने बायका तो थांबवतात, आणि धुक्याच्या दिवसांत ॲटॅक येतो. ॲटॅकमध्ये बाळाचा प्राणवायू तुटतो, ते इन्हेलरपेक्षा कितीतरी धोकादायक.

३७ आठवड्यांच्या आत पुढचं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका:

- दर दहा मिनिटांनी किंवा त्याहून लवकर पोट कडक होणं, दुखत नसलं तरी
- पाळीसारखी कंबरदुखी, ओटीपोटात खाली दाब
- पाणी जाणं, थेंबथेंब गळत असलं तरी
- रक्त जाणं
- अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दोन तासांत बाळाच्या दहा हालचालीही न जाणवणं

"गॅस झालाय, ओवा खा" यात जे तास जातात ते फार मोलाचे असतात. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शनं देतात, आणि त्यांचा पुरेसा परिणाम व्हायला वेळ लागतो. १०८ ला फोन करा, आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी कक्ष असलेला जवळचा दवाखाना कोणता, हे सातव्या महिन्यातच विचारून कार्डाच्या मागे लिहून ठेवा.

## पायरी १०: बाळ घरी आल्यावर धुरी नको

नऊ महिने धूर टाळला आणि दहाव्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आली. ओवा, वेखंड, धूप, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून आईला आणि बाळाला धुरी द्यायची, दारं-खिडक्या लावून. हेतू मायेचा असतो. पण कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं अजून कच्ची असतात, आणि बंद खोलीतला निखारा म्हणजे पायरी ४ मधला तोच वायू.

हे आधीच, सातव्या-आठव्या महिन्यात, घरातल्या मोठ्यांशी बोलून ठेवा. बाळंतपण झाल्यावर बोलायला गेलं तर रडारड होते. शेक हवाच असेल तर बाळंतिणीच्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी. बाळाला ऊब हवी असेल तर आईने त्याला उघड्या छातीशी धरावं, वरून पांघरूण. लहान वजनाच्या बाळांना दवाखान्यातही असंच ठेवायला सांगतात. केस वाळवायला धुरी नाही, टॉवेल आणि ऊन. वेखंडाची पूड किंवा पावडर बाळाच्या तोंडाजवळ उडवू नका. आणि बाळाला पाहायला येणारा मामा-काका बिडी ओढून आला असेल, तर आधी मोरीकडे, मग पाळण्याकडे.